दिसलं नाही, हीसुद्धा साक्ष

आज बोलायचं आहे ते आकाशातल्या एका फार लांबच्या, फार अंधुक आणि चटकन विझणाऱ्या उजेडाबद्दल. पण सुरुवात मी माझ्या गावापासून करतो.

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याची संध्याकाळ म्हणजे सगळ्या मोहल्ल्याची धांदल. रोजा सोडायचा, तोंडात खजूर टाकायचा आणि तडक मशिदीमागच्या उंचवट्यावर धावायचं. सूर्य बुडाल्यापासून चंद्रकोर मावळेपर्यंत जेमतेम अर्धा-पाऊण तास. त्यात पश्चिमेला ढग, झाडं, चुलींचा धूर. चांद दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर तीस रोजे पुरे करायचे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या संध्याकाळी आभाळ गढूळ होतं, कुणालाच काही दिसत नव्हतं आणि मला तर नवे कपडे उद्याच घालायचे होते. मी ओरडलो, "दिसला! दिसला!" पोरांनी गलका केला. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मला जवळ बोलावलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "बेटा, कोरेची टोकं कुठल्या बाजूला होती?" मी ठोकून दिलं, "खाली, जमिनीकडे." ते हसले. म्हणाले, "चांदाची टोकं सूर्याकडे कधीच नसतात, उलट्या बाजूला असतात. सूर्य तर आत्ताच खाली गेलाय. तू पाहिलंस ते तुझ्या मनातलं होतं." मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाही दिसला तर नाही दिसला म्हणावं. तीही गवाहीच असते." दुसऱ्या दिवशी गावाने तिसावा रोजा धरला. मीही शरमेने धरला.

मी कला शाखेचा पदवीधर. भौतिकशास्त्राशी माझी ओळख शाळेपुरती. कविता लिहिताना आकाशाकडे पाहायची सवय लागली आणि त्यातून हळूहळू आकाशाबद्दल वाचायची. या वाचनात गॅमा किरण स्फोटांचा इतिहास हाती लागला, तेव्हा मला ते बुजुर्ग पुन्हा आठवले. कारण हा इतिहास जेवढा काय दिसलं याचा आहे, तेवढाच काय दिसलं नाही याचाही आहे. आणि त्याची काही महत्त्वाची पानं आपल्या महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत.

गोष्टीची सुरुवात मात्र संशयातून झाली. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांनी वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार केला. करार झाला, पण विश्वास कुठून आणायचा? समोरचा चोरून चाचणी करतो की काय हे पाहायला अमेरिकेने 'व्हेला' नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोट झाला की गॅमा किरण बाहेर पडतात; ते टिपणारी यंत्रं या उपग्रहांवर होती. २ जुलै १९६७ रोजी या यंत्रांनी गॅमा किरणांचा एक लोट नोंदवला. पण त्याची चढ-उतार अणुबॉम्बच्या स्फोटासारखी नव्हती. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतले क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन अशा नोंदी जपत, ताडत राहिले. १९७३ साली त्यांनी सोळा स्फोटांची माहिती जगासमोर ठेवली. हे किरण पृथ्वीवरून येत नव्हते आणि सूर्याकडूनही नाही. ते बाहेरच्या खोल अवकाशातून येत होते. माणसं एकमेकांवर पाळत ठेवायला गेली आणि त्यांना विश्व कुजबुजताना ऐकू आलं.

पण कुजबुज कुठून आली ते कळेना. गॅमा किरण पकडणाऱ्या यंत्रांना दिशेची जाण फार कमी. अंधारात कुणीतरी टाळी वाजवावी आणि ती कुठल्या घरातून आली ते सांगता येऊ नये, तशी अवस्था. १९९१ साली नासाने कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात पाठवली. तिने नऊ वर्षांत अडीच हजारांहून अधिक स्फोट नोंदवले, आणि ते आकाशाच्या सगळ्या दिशांना सारखेच विखुरलेले होते. आपल्या आकाशगंगेतच ते होत असते, तर आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची दाटी दिसली असती. १९९३ साली क्रिसा कुव्हेलियोतू आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. या स्फोटांची दोन घराणी आहेत. एक घराणं दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकणाऱ्यांचं, दुसरं दोन सेकंदांच्या आत आटोपणाऱ्यांचं. आपली आजची गोष्ट या दुसऱ्या, अल्पायुषी घराण्याची आहे.

आता ही झळाळी म्हणजे काय ते सांगतो. कंदील विझवला तरी वात थोडा वेळ लाल राहते. सूर्य बुडाला तरी पश्चिमेचं आभाळ उजळ राहतं. तसंच काहीसं इथंही होतं. स्फोटातून सुटलेला द्रव्याचा झोत प्रकाशाच्या जवळपास वेगाने आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळतो. त्या धडकेने वायू झळाळू लागतो, आधी क्ष-किरणांत, मग आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात, मग रेडिओ लहरींत. स्फोट काही सेकंदांत संपतो, झळाळी काही तास, काही दिवस मागे राहते. शास्त्रज्ञ तिला 'आफ्टरग्लो' म्हणतात. तिचं महत्त्व असं, की ती साध्या दुर्बिणीला दिसू शकते. एकदा दुर्बिणीत दिसली की नेमकी जागा कळते, ती कुठल्या दीर्घिकेत आहे ते कळतं, अंतर काढता येतं. टाळी कुठल्या घरातून आली, ते घर सापडतं.

मोठ्या, म्हणजे दीर्घ स्फोटांच्या बाबतीत हे घर २८ फेब्रुवारी १९९७ रोजी सापडलं. इटली आणि हॉलंड यांच्या 'बेप्पोसॅक्स' उपग्रहाने दिशा सांगितली आणि यान फान पाराडाइस यांच्या गटाने ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीतून फोटो घेतला. आठ दिवसांनी पुन्हा घेतला. पहिल्या फोटोत असलेला ठिपका दुसऱ्यात जवळजवळ विझलेला होता. झळाळी मिळाली. पुढे हेही उमगलं, की हे दीर्घ स्फोट प्रचंड मोठे तारे कोसळताना होतात.

यात भारतही लवकरच उतरला. २३ जानेवारी १९९९ च्या प्रसिद्ध स्फोटाची झळाळी नैनितालच्या १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मोजली गेली. राम सागर आणि त्यांचे सहकारी तिथं होते. या कामात भारताच्या जागेला एक मोल आहे. अमेरिकेत आणि चिलीत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. विझत जाणारा उजेड घड्याळ पाहून थांबत नाही. पृथ्वीच्या या बाजूला कुणी जागं नसेल, तर त्या उजेडाच्या आलेखात भोक पडतं.

पण छोटे स्फोट? त्यांच्या बाबतीत एकामागून एक रात्र कोरडी जात होती. कारणं उघड होती. स्फोटच मुळी पाऊण-एक सेकंदाचा, कधी त्याहून कितीतरी कमी. ताकद कमी, म्हणून झळाळीही मंद. त्यातून दिशा कळायला उशीर. तेव्हा सूर्यमालेत वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या यानांवर तोच स्फोट किती अंतराने पोचला, हे मोजून दिशा काढावी लागे. तोवर कित्येक तास गेलेले असत. २००२ साली केव्हिन हर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार छोट्या स्फोटांच्या शोधाचा अहवाल प्रसिद्ध केला. चारही ठिकाणी झळाळी मिळाली नव्हती.

या अहवालापाशी मी वाचता वाचता थांबलो. सापडलं नाही, हे कुणी छापतं का? आपल्याकडे न सापडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. पण खगोलशास्त्रात होते, कारण ती नुसती 'नाही' नसते. "अमक्या वेळी, अमक्या दिशेला, इतक्या मंद प्रकाशापर्यंत पाहिलं, त्यापेक्षा उजळ असं काही तिथं नव्हतं," असं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे झळाळी असलीच तर ती यापेक्षा मंद आहे. पुढच्या माणसाला कळतं, की याहून मोठी दुर्बीण हवी, याहून लवकर पोचायला हवं. रिकामी रात्र पुढच्या रात्रीला वाट दाखवून जाते.

लवकर पोचायचं काम 'स्विफ्ट' उपग्रहाने केलं. नोव्हेंबर २००४ मध्ये तो अवकाशात गेला. स्फोट दिसताच मिनिटाभरात स्वतःच वळून क्ष-किरणांची दुर्बीण तिकडे रोखायची, अशी त्याची रचना. ९ मे २००५ रोजी अवघ्या चार शतांश सेकंदाचा एक स्फोट झाला. आपली पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. स्विफ्ट वळला आणि एका मिनिटानंतर त्याला क्ष-किरणांची पुसटशी झळाळी मिळाली. किती पुसट? क्ष-किरणांचे जेमतेम अकरा कण! जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी त्या जागेकडे वळल्या. दृश्य प्रकाशात काहीच मिळालं नाही. पण जागा एका म्हाताऱ्या दीर्घिकेच्या जवळ होती. तिथं नवे तारे जन्माला येणं केव्हाच थांबलेलं असतं. मोठे तारे अल्पायुषी असतात. म्हणजे कोसळायला तिथं मोठे तारे उरलेलेच नव्हते. मग स्फोट कशाचा?

दोनच महिन्यांनी, ९ जुलै २००५ रोजी, 'हेटे-२' उपग्रहाने आणखी एक छोटा स्फोट पकडला. या वेळी चिलीत ला सिया इथल्या डॅनिश दुर्बिणीने, आरशाचा व्यास अवघा दीड मीटर, ती मंद झळाळी टिपली. छोट्या स्फोटाचा दृश्य प्रकाशातला हा पहिला आफ्टरग्लो. अंतर सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षं. हबल दुर्बिणीनेही तो पाहिला. पुढचे काही आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवलं गेलं. तारा कोसळला असता तर तिथं सुपरनोव्हा उजळायला हवा होता. तो उजळला नाही. पुन्हा एक 'नाही', आणि हे 'नाही' सगळ्यात बोलकं ठरलं.

कारण त्याचं उत्तर कागदावर आधीच तयार होतं. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, पण वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात दाबून भरलेलं. असे दोन तारे एकमेकांभोवती कोट्यवधी वर्षं फिरत, जवळ येत, शेवटी एकमेकांवर आदळत असतील, तर असा क्षणिक स्फोट होईल, असं १९८९ साली डेव्हिड आयक्लर, मारिओ लिव्हिओ, त्सवी पिरान आणि डेव्हिड श्रॅम यांनी मांडलं होतं. त्या धडकेत सोनं, प्लॅटिनम यांसारखे जड धातू घडतील, असंही म्हटलं जात होतं. पण हे सिद्ध करायला उजेड पुरेसा नव्हता. तारे आदळतानाची थरथर पकडायला हवी होती. तिला गुरुत्वीय लहरी म्हणतात.

इथं गोष्ट पुण्यात येते. गुरुत्वीय लहरी कधी काळी सापडतील यावर फारसं कुणी पैज लावायला तयार नव्हतं, तेव्हा, १९९० च्या सुमारास, संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी एका प्रश्नावर काम केलं. जवळ येत जाणाऱ्या दोन ताऱ्यांचा 'सूर' चढत जातो. तो यंत्राच्या गोंगाटातून ओळखायचा कसा? धुरंधर हे जयंत नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या 'आयुका'चे. अपेक्षित सुरांचे नमुने आधी गणिताने तयार ठेवायचे आणि आलेली नोंद त्यांच्याशी जुळवून पाहायची, ही पद्धत त्यांनी घडवली. जत्रेच्या कोलाहलात आई आपल्या लेकराचं रडणं ओळखते, कारण तो सूर तिला आधीपासून ठाऊक असतो, तसंच हे.

दुसरं पान मुंबईत लिहिलं गेलं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' ही भारताची अवकाश वेधशाळा झेपावली. तिच्यावरचं सीझेडटीआय नावाचं उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडलं. त्याच्या नोंदींचं काम पुण्याच्या आयुकात चालतं. काम सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याने एक गॅमा किरण स्फोट पकडला. पुढच्या वर्षांत अशा शेकडो स्फोटांची भर पडली.

आणि आता मला माझ्या खोट्या चांदाची आठवण करून देणारा प्रसंग. ४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' यंत्रांना दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याच्या लहरी मिळाल्या. कृष्णविवरांतून उजेड येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तरी कुणी सांगावं, म्हणून दुर्बिणी शोधाला लागल्या. दुसऱ्याच दिवशी हवाई बेटांवरच्या 'ॲटलस' दुर्बिणींना त्या दिशेला एक नवा, झपाट्याने मंदावणारा ठिपका दिसला. कृष्णविवरांच्या मीलनातून उजेड! खरं ठरलं असतं तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागली असती. वरुण भालेराव, मानसी कासलीवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी तपासल्या. लायगोच्या क्षणी तिथं काहीही नव्हतं. पण ५ जानेवारीला, दिवस पुरता उलटायच्या आत, एक वेगळाच गॅमा किरण स्फोट नोंदवलेला होता. ठिपका ज्या गतीने मंदावत होता त्यावरून मागे हिशेब करत गेलं, की उजेडाची सुरुवात कृष्णविवरांपाशी पोचत नव्हती, या दुसऱ्या स्फोटापाशी पोचत होती. ठिपका खरा होता, झळाळीही खरी होती, फक्त ती दुसऱ्याच कुणाची होती. कोरेची टोकं उलट्या बाजूला निघाली. मोठ्या शोधाचा मोह समोर असताना ज्यांनी हे विचारलं आणि उत्तर छापलं, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

त्याच वर्षी खरा चांद दिसला. तारीख १७ ऑगस्ट २०१७. आपल्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं. दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या लहरी पृथ्वीवर पोचल्या. त्यानंतर पावणेदोन सेकंदांनी 'फर्मी' उपग्रहाला छोटा गॅमा किरण स्फोट दिसला. त्या वेळी आपल्याकडे सूर्य मावळायचा होता. श्रावणातलं आभाळ. ती जागा वासुकी तारकासमूहात होती, म्हणजे आपल्या नैऋत्येच्या आकाशात. सूर्यानंतर दोन-अडीच तासांनी मावळणारी. कोवळ्या चंद्रकोरीसारखीच तिची संध्याकाळ आखूड होती. पण पाहायचं कुठं, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

जागा कशी सापडली, ते ऐका. इटलीतलं 'व्हर्गो' हे तिसरं यंत्र नुकतंच सुरू झालं होतं. त्याला या लहरी जवळजवळ ऐकूच आल्या नाहीत. यंत्र नीट चालू होतं, आवाज मोठा होता, तरी ऐकू आला नाही. याचा अर्थ स्फोट व्हर्गोच्या कमी ऐकू येणाऱ्या दिशेला असला पाहिजे. त्याच क्षणी आपल्या ॲस्ट्रोसॅटलाही काही दिसलं नाही. मग स्फोट त्या वेळी ॲस्ट्रोसॅटच्या दृष्टीने पृथ्वीच्या आड असला पाहिजे. म्हणजे आकाशाचा उघडा भाग वगळता आला. दोघांनी 'मला दिसलं नाही' अशी साक्ष दिली आणि शोधाची जागा आवळत गेली. पूर्ण चंद्राची सव्वाशे-दीडशे बिंबं मावतील एवढाच तुकडा उरला. तो नकाशा जगभर पोचला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि तो तुकडा आपल्या क्षितिजाखाली गेला होता. भारताची पाळी त्या संध्याकाळी हुकली.

चिलीत सूर्य बुडाला. लास कम्पानास इथल्या एक मीटर व्यासाच्या, तशा लहानच 'स्वोप' दुर्बिणीने त्या भागातल्या दीर्घिका एकेक करून पाहायला सुरुवात केली. स्फोटानंतर अकरा तासांच्या आत, एनजीसी ४९९३ या तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत, आधी नसलेला एक ठिपका त्यांना दिसला. तासाभरात आणखी काही गटांना स्वतंत्रपणे तोच दिसला. साक्षीदार एक नव्हता, अनेक होते. उजेड आधी निळसर होता, मग काही दिवसांत लालसर होत मावळला. या उजेडाला 'किलोनोव्हा' म्हणतात. नव्याने घडलेल्या जड मूलद्रव्यांच्या किरणोत्सारातून तो येतो. आपल्या आयाबायांच्या अंगावरच्या सोन्याचा काही वाटा अशाच धडकांतून आलेला असावा, या कल्पनेला त्या रात्री भक्कम आधार मिळाला.

पण जी झळाळी हे लोक इतकी वर्षं शोधत होते, ती कुठं होती? ती उशिरा आली. या स्फोटाचा झोत थेट आपल्या दिशेला नव्हता, थोडा तिरका होता. नऊ दिवसांनी क्ष-किरण मिळाले, सोळा दिवसांनी रेडिओ लहरी. या रेडिओ लहरींच्या मापनात पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीचा, जीएमआरटीचा वाटा आहे. गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळच्या शेतशिवारात उभ्या केलेल्या पंचेचाळीस मीटरच्या त्या तीस थाळ्या पुढचे महिने त्या जागेकडे कान लावून होत्या. दरम्यान ती जागा सूर्याच्या उजेडात बुडून गेली. ती पुन्हा बाहेर आली तेव्हा, डिसेंबर २०१७ मध्ये, स्फोटानंतर सुमारे एकशे दहा दिवसांनी, हबलला दृश्य प्रकाशातला खरा आफ्टरग्लो दिसला.

आता सगळं उलगडलं असं वाटत असतानाच पुढची वर्षं नम्र करणारी आली. २५ एप्रिल २०१९ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या आणखी एका मीलनाच्या लहरी मिळाल्या. पण या वेळी शोधायची जागा जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या आकाशाएवढी होती. जगभरच्या दुर्बिणी रात्री जागल्या आणि हाती काही लागलं नाही. दोन सेकंदांची जुनी रेघही पुसट झाली. २६ ऑगस्ट २०२० रोजी सेकंदभराचा एक स्फोट झाला, तो निघाला कोसळणाऱ्या ताऱ्याचा. ११ डिसेंबर २०२१ रोजी चांगला पाऊण मिनिट चाललेला स्फोट झाला, आणि त्याच्या मागे किलोनोव्हा सापडला. हा दुसरा उजेड पाहणाऱ्यांत उत्तराखंडातल्या देवस्थळची ३.६ मीटरची भारतीय दुर्बीण होती. म्हणजे घराणी दोन आहेत, पण केवळ आयुष्याची लांबी पाहून कुळ ठरत नाही. ते झळाळी पाहूनच ठरवावं लागतं. दुर्बिणीचं काम कमी झालं नाही, वाढलं.

भारतानेही हुकलेली पाळी मनावर घेतली. लडाखमधल्या हानले इथं, साडेचार हजार मीटर उंचीवर, पवईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून सत्तर सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण उभारली. २०१८ पासून ती आकाश पाहते आहे. सूचना आली की माणसाच्या हाताविना स्वतःच वळते. आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायला मंजुरी दिली. खर्च २६०० कोटी रुपये; चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. काम पुरं व्हायला अजून काही वर्षं लागतील. ते झालं की अमेरिका आणि युरोप यांच्यापासून दूर असा एक कान मराठवाड्यात असेल आणि आकाशातली जागा कितीतरी नेमकी सांगता येईल. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, अशी आख्यायिका आपण ऐकत आलो. आता औंढ्याने इशारा दिला, की जगभरच्या दुर्बिणी फिरतील.

मात्र दुर्बीण फिरली तरी आकाश काळं हवं. मी पनवेलजवळ करंजाड्यात राहतो. इमारतीच्या गच्चीवर गेलो की पश्चिमेकडे २०२५ साली उद्घाटन झालेल्या नव्या विमानतळाचे दिवे, महामार्गाचे दिवे, चारी बाजूंनी वाढत्या शहराचे दिवे. दिवे वाईट नाहीत. त्यांच्याखाली माझ्या शेजाऱ्यांच्या लेकी रात्रपाळीहून सुखरूप घरी येतात. पण यातला पुष्कळ उजेड रस्त्यावर पडतच नाही, तो वर आभाळात जातो आणि फुकट जातो. दिव्याला वरून झाकण असलं, तोंड खाली असलं, तरी बरंच काम होईल. गिरवली, खोडद, औंढा यांच्या आसपासच्या गावांनाही उद्या रस्ते आणि वसाहती हव्याच आहेत. त्या दुर्बिणींभोवतीचा काळोख आणि शांतता हीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता आहे, विहिरीसारखी, गायरानासारखी, हे आत्ताच ठरवलं तर ठरेल. नाहीतर उद्याच्या अहवालात 'दिसलं नाही' असंच लिहावं लागेल, आणि ते आकाशामुळे नसेल, आपल्यामुळे असेल. अशी साक्ष कुणाच्याच उपयोगाची नाही.

गेल्या रमजानला एकोणतिसाव्या रोज्याला मी गच्चीवर गेलो होतो. सोबत शेजारची दोन पोरं होती. पश्चिमेला पिवळट धूसर उजेडच उजेड. अर्धा तास डोळे ताणून पाहिलं. एक पोरगं ओरडलं, "चाचा, तो बघा!" मी विचारलं, "टोकं कुठल्या बाजूला आहेत रे?" त्याने पुन्हा पाहिलं. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "नाही, चाचा. विमान आहे." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खाली येऊन घरच्यांना सांगितलं, मला दिसला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)